फुगलेला बर्फ आणि दहा चिमटी माती

मी अतिशयोक्ती करतो, असं माझ्याबद्दल जे बोललं जातं ते साफ खोटं आहे. लहान राहून गेलेल्या गोष्टींना मी फक्त त्यांच्या हक्काची उंची मिळवून देतो. टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या गॅलरीतून फुजी दिसतो, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. दिसते समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. पण ती टाकी मध्ये आली यात माझा काय दोष? बायको पाहुण्यांना दारातच सावध करते, "त्याच्या कुठल्याही आकड्याला आधी चारने भागा, मग चपला काढा." इथेच जन्मलेली आमची लेक तेवढाही वेळ घालवत नाही. मी तोंड उघडलं की तिचा एकच जपानी शब्द, "उसो!" म्हणजे थाप.

अशा माणसाच्या गळ्यात देवाने आकड्यांची नोकरी बांधली. ऑफिस टोकियोच्याच कोतो भागात, आणि काम धरणात किती पाणी येणार याचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमचं. टोकियोच्या उत्तरेला जे डोंगर आहेत त्यांच्यावर हिवाळाभर बर्फ साठतो. ती एक टाकीच म्हणा. फक्त तिला भिंती नाहीत, झाकण नाही, आणि आत किती पाणी आहे ते बाहेरून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये ती वितळायला लागते. पाणी धरणात येतं, धरणातून आधी दरीतल्या भातखाचरांना जातं आणि मग आमच्या नळाला. मार्चअखेर कोणीतरी छातीठोकपणे सांगावं लागतं की वर अमुक इतकं पाणी आहे. भरपूर असेल, तर धरणवाले एप्रिलमध्ये साठा सोडून येणाऱ्या पाण्यासाठी जागा करतात. कमी असेल, तर थेंब न् थेंब धरून ठेवतात. आणि असतं कमी, पण कोणी भरपूर म्हणून सांगितलं तर? तर एप्रिलचं पाणी समुद्राला मिळतं आणि मेमध्ये, लावणीच्या ऐन तोंडावर, धरणाचा तळ उघडा पडतो.

सगळा खेळ त्या एका आकड्याचा, आणि तो आकडा काढणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला. हसा.

प्रोग्रॅम तसा सरळ होता. डोंगरात एक खांब आहे; त्यावरचं यंत्र बर्फाची खोली तासातासाला कळवतं. त्या खोलीला मार्चअखेरच्या बर्फाच्या सरासरी वजनाने गुणायचं, की पाणी हातात. यंत्र बसायच्या कितीतरी आधीपासून एक म्हातारबाबा दर मार्चमध्ये डोंगर चढून, बर्फात नळी खुपसून, तो तोलून येत असत. धरणाखालच्या गावातलेच, वय अठ्ठ्याहत्तर, सगळ्यांचे आजोबा, स्वतःची चार भातखाचरं. त्यांच्याबरोबर जायला आता कोणी मिळत नव्हतं, म्हणून यंदाची मोजणी शेवटची असं ठरलं. पुढच्या वर्षापासून नळी कायमची माळ्यावर.

"या शेवटच्या खेपेला आपल्याकडून कोण जाईल?" आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांना सगळे काचो-सान म्हणतात. काचो म्हणजे विभागप्रमुख, सान म्हणजे आपलं 'राव'. इथे साहेबाला हुद्द्यानेच हाक मारायची रीत आहे. त्यांना नाव आहे हे मला दोन वर्षांनी कळलं.

सगळ्यांनी आपापल्या संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं. मी घालणार तेवढ्यात काचो-सान गोड हसले. "तुम्ही तर तो सिंहाचा किल्ला एका दमात चढला होता ना? पाठीवर मावशीला घेऊन?"

आता वर्षअखेरच्या पार्टीत सांगितलेली गोष्ट मार्चपर्यंत लक्षात ठेवावी, ही कुठली रीत? खरं सांगायचं तर मावशी पाठीवर नव्हती. मावशी पुढे होती आणि मी तिच्या ओढणीला धरून होतो. पण आता माघार घेणं म्हणजे मावशीचा अपमान.

"मावशीपेक्षा नळी हलकी असेल," मी म्हणालो.

नव्हती.

डोंगराची थंडी काय सांगू! डब्यातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, फोडायला मला नळीचे दात वापरावे लागले. माझ्या मिशीवर इतका बर्फ साचला की आजोबांनी तिचीही खोली मोजून वहीत टिपली असावी. बर्फात न रुतता चालण्यासाठी पायाला बांधायच्या जाळ्या मी उलट्या बांधल्या होत्या, त्यामुळे पहिला तासभर मी पुढे चालत होतो आणि माझे ठसे मागे जात होते. आजोबा मात्र भाजी आणायला निघाल्यासारखे चालले होते. ते मला पुणे-सान म्हणत. पुणे हे माझं गाव आहे की नाव, याची त्यांना खात्री नव्हती आणि मलाही ती करून द्यावीशी वाटली नाही.

मोजायच्या जागा दहा. प्रत्येक जागेजवळच्या झाडाला लाल पट्टा रंगवलेला. तिथे ती दातेरी, पोकळ नळी उभी धरायची, पिळत पिळत जमिनीपर्यंत घालायची, वर ओढायची आणि आत अडकलेल्या बर्फासकट तराजूच्या हुकाला टांगायची. रिकाम्या नळीचं वजन वजा केलं की जे उरलं ते पाणी. एवढंच. ऐकायला एवढंच.

पहिल्या झाडापाशी मी मोठ्या झोकात नळी घातली. खाली टक् करून लागलं.

"लागली जमीन, आजोबा!"

"लागली? दाखव."

मी नळी ओढून टोक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते उन्हाकडे करून पाहिलं. पांढरं शुभ्र.

"तुमच्याकडे जमीन धुऊन ठेवतात का?"

"मग खाली कडक काय लागलं?"

"फेब्रुवारीत एकदा पाऊस पडला, तो गोठून बसलाय. जो तिथे थांबतो तो घरी जाऊन खोटा आकडा सांगतो. घाल पुन्हा. अंगाचा भार टाक. जमीन गाठल्याचा पुरावा म्हणजे जमीन."

मी भार टाकला. माझ्या अंगाच्या भाराबद्दल पत्नीने अनेकदा मतं मांडली आहेत; त्या दिवशी प्रथमच तो कोणाच्या उपयोगी पडला. कर्रकन् थर फुटला, नळी खाली गेली, आणि वर आली तेव्हा टोकाशी काळी माती होती. तिच्यात सासाचं एक चपटं पान. सासा म्हणजे या डोंगरात सगळीकडे वाढणारं ठेंगणं बांबूचं गवत, हिवाळाभर बर्फाखाली झोपलेलं.

आजोबांनी ती माती अंगठ्याने खरवडून काढली. बर्फाच्या वजनात मातीचं वजन जायला नको. मग खिशातून मेणकागदाचं एक छोटं पाकीट काढलं, माती आणि पान त्यात घातलं, वर लिहिलं 'एक'.

"हे कशाला?"

"कोणी विचारलं तर दाखवायला."

"कोणी विचारलं का आजपर्यंत?"

"अजून तरी नाही." आणि पाकीट माझ्या पिशवीत टाकलं.

मग मी नळी तराजूला टांगली आणि काटा पाहून तराजू बिघडलाय असं जाहीर केलं. बर्फाची खोली यंत्राने सांगितली होती तशीच, भलीथोरली. मी हात वर केला तरी नळीच्या खुणेला लागला नसता. वजन मात्र अगदीच किरकोळ. मी तराजूला माझा डबा टांगून पाहिला. डब्याचं वजन चोख. पुन्हा नळी. पुन्हा किरकोळ.

"हिवाळा कोरडा गेला," आजोबा म्हणाले. "तू पाहतोयस तो जवळजवळ सगळा गेल्या पंधरवड्यातला बर्फ. अजून बसलेला नाही. दिसतो डोंगराएवढा, आत नुसती हवा."

म्हणजे भात नव्हे, लाह्या. टोपलं तेवढंच भरलेलं, पोटात काही नाही. मी त्या फुगलेल्या, उन्हात चमकणाऱ्या, कौतुकाची वाट पाहणाऱ्या बर्फाकडे बघत उभा राहिलो आणि मला आमच्या बेसिनवरचा आरसा आठवला.

दहाही झाडांपाशी हीच कथा. पुढच्या नऊ जागी नळी मीच घातली, वजन मीच केलं. आजोबा फक्त टोक पाहायचे आणि माती पाकिटात भरायचे. उतरताना मी टॅबलेटवर हिशेब मांडला. प्रोग्रॅम ज्या घरात तीन घागरी पाणी आहे म्हणत होता, तिथे होत्या दोनच, त्यातली दुसरीही काठापर्यंत नाही.

"हा आकडा लावून धरशील का?" आजोबांनी विचारलं. आवाजात विनवणी नव्हती. उद्या डबा आणशील का, असं विचारावं तसं विचारलं. "मेमध्ये अख्ख्या दरीची लावणी सुरू होते. रोपं थांबत नाहीत."

मी आवेशाने म्हणालो की हा आकडा मी सम्राटापर्यंत नेईन. आजोबा म्हणाले, काचोपर्यंत नेलास तरी पुष्कळ.

सोमवारी सकाळी काचो-सान शांतपणे दोन्ही आकडे पाहत होते. ते रागावले की आणखी सभ्य होतात. त्या दिवशी ते फारच सभ्य होते.

"यंत्र आणि नळी यांत एवढी तफावत म्हणजे मोजणाऱ्याची चूक," ते म्हणाले. "तुम्ही नवखे. मध्ये कुठेतरी गोठलेला थर लागला असेल, त्यालाच जमीन समजलात. होतं असं."

मला झोंबलं, कारण एकदा मी नेमकं तेच केलं होतं. "पहिल्या जागी लागला, काचो-सान. आजोबांनी पुन्हा घालायला लावली."

"आजोबांची भातखाचरं धरणाखालीच आहेत, नाही का? पाणी धरून ठेवलेलं त्यांना आवडेलच."

"वजन त्यांनी केलंच नाही. दहाही वजनं माझी."

"तुमची," काचो-सान म्हणाले, आणि ऑफिसभर एक बारीक खोकला फिरून आला. मावशी सगळ्यांना आठवली असावी. "हे पाहा, नळीची आता गरज नाही असं धरणवाल्यांना आपणच सांगितलं आहे. अहवालात प्रोग्रॅमचा आकडा जाईल. नळीचा वगळू. आणि प्रोग्रॅम तर तुमचा आहे. स्वतःच्या पोराला खोटं ठरवणार?"

"पोर माझंच आहे, काचो-सान. म्हणून तर कुणावर गेलंय ते मला माहीत आहे."

त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. इथे कागदाच्या कोपऱ्यात शिक्क्यांचे चौकोन असतात. सर्वांत मोठ्या साहेबाचा चौकोन डावीकडे, मग उतरत्या भाजणीने बाकीचे, आणि सर्वांत उजवीकडे कागद तयार करणारा. काही ऑफिसांत अशीही रीत आहे की खालच्या माणसाने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता उमटवायचा, म्हणजे तो साहेबाच्या शिक्क्यापुढे कमरेत वाकलेला दिसतो. आमच्याकडे ती कसोशीने पाळत. मी तर चार वर्षांत शिक्क्याला इतकं वाकवलं होतं की तो लोटांगण घालत असे.

मी शिक्का काढला. शाईच्या डबीत बुडवला. मग टिपकागदाने पुसून पुन्हा खिशात ठेवला.

"मी हा मारणार नाही."

जपानी ऑफिसात 'नाही' हा शब्द कोणी उच्चारत नाही. जरा अवघड आहे, विचार करू, बघू या, असं म्हणतात आणि समोरच्याला ते कळतं. माझ्या 'नाही'नंतर प्रिंटर कागद अर्धा बाहेर काढून थांबला. एसीने श्वास रोखला. आणि बाराव्या मजल्यावरून खाली पाहिलं असतं तर सिग्नल हिरवा असूनही कोतोमधल्या सगळ्या सायकली उभ्या दिसल्या असत्या. तयार करणाऱ्याचा चौकोन रिकामा, म्हणजे कागद जागचा हलणार नाही.

"मग गुरुवारी धरणावर बैठकीला तुम्हीही चला," काचो-सान म्हणाले. "तुमचा आकडा तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तो जाणार नाही."

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. बायकोने सवयीने विचारलं, "किती कमी आहे म्हणालास?"

"तिसरा हिस्सा."

"म्हणजे चारने भागून..."

"हा भागायचा नाही."

तिने हातातली पोळी ताटात ठेवली. लेकीने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा तो शब्द तसाच आवंढ्याबरोबर गिळला.

"पण ऐकतील का तुझं?" बायको म्हणाली. "म्हणजे, तू सांगणार, आणि त्यांनी खरं मानायचं... तुझा इतिहास पाहता."

"माझा इतिहास पाहता मी आकडा वाढवतो. कमी कधी केलाय?"

तिने विचार केला. "हे मात्र खरं आहे," म्हणाली. मग म्हणाली, "कोट घालून जा. तो निळा. आणि मावशीचं नाव काढू नकोस."

गुरुवारी धरणाच्या ऑफिसात एक लांब पांढरं टेबल होतं. इतकं स्वच्छ, की माझं प्रतिबिंब माझ्यापेक्षा नीट भांग पाडून बसलेलं दिसत होतं. टेबलाच्या डोक्याशी धरणाच्या प्रमुख बाई, कामाच्या निळसर जाकिटात, चष्म्यावरून पाहणाऱ्या. काचो-सानांनी रंगीत आलेख दाखवले. खोली उत्तम. अंदाज उत्तम. मग ते जरा वाकून म्हणाले, की यंदा हाताची मोजणीही झाली, पण मोजणारा नवखा होता, मधल्या गोठलेल्या थराला त्याने जमीन मानलं असावं, त्यामुळे तो आकडा आम्ही धरलेला नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जमीन लागली होती का?"

मी पिशवीतून दहा पाकिटं काढली आणि एकेक करून त्या पांढऱ्या टेबलावर रिकामी केली.

काचो-सानांच्या घशातून जो आवाज आला तो मी त्यांच्याकडून त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. दहा चिमट्या काळी माती, एकापुढे एक, आणि तिच्यात मळकी हिरवी पानं. ओल अजून सुकली नव्हती. टेबलावर दहा तपकिरी डाग पसरत गेले. जपानी बैठकीत मी चहाचा थेंब सांडला तरी तीन माणसं रुमाल घेऊन उठलेली पाहिली आहेत. त्या दिवशी कोणी जागचं हललं नाही.

बाईंनी एक पान उचललं, बोटांत फिरवलं, नाकाशी नेलं. "सासा," त्या म्हणाल्या. मग पाकिटांवरचे आकडे एक ते दहा पाहून गेल्या. "अक्षर ओळखते मी हे. इतकी वर्षं वरचा बर्फ आम्ही या अक्षरातल्या कागदांवरच पाहिला, माती आज पाहतेय." मग पुन्हा माझ्याकडे. "खोलीचं काय? यंत्र खोटं बोलतंय?"

"यंत्र खरं बोलतंय. बर्फ तेवढा उंच आहेच. पण प्रोग्रॅम त्याला सरासरीचं वजन लावतो, आणि यंदाचा बर्फ सरासरी नाही, कोवळा आहे. ते गणित माझं आहे. चूक माझी आहे."

"प्रोग्रॅम तुमचा, नळीही तुम्ही घातलेली. कोणाच्या बाजूने आहात तुम्ही?"

मला एक फर्डं वाक्य सुचलं होतं. त्यात डोंगर होता, देव होता, आणि माझी छाती तर फार मोठी होती. पण माती समोर पडलेली असताना ते बोलवेना.

"जिने जमीन गाठली तिच्या," मी म्हणालो. "पाणी कमी आहे, बाई. एप्रिलमध्ये सोडू नका."

काचो-सान म्हणाले की कंपनीचं अधिकृत मत वेगळं आहे. बाई म्हणाल्या, ते आपण ऐकलं. मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलून धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या खोलीत कोणाला तरी सांगितलं, "एप्रिलचं सोडणं थांबवा. हो, सगळं." फोन ठेवला. मग आपला रुमाल काढला आणि माती टिपून न टाकता दहाही चिमट्या परत ज्याच्या त्याच्या पाकिटात भरायला घेतल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे. ही इथेच ठेवते. पुढच्या वर्षीही पाठवायला सांगा त्यांना."

म्हणजे नळी माळ्यावर गेली नाही. हे मी आजोबांना स्टेशनवरूनच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. मग म्हणाले, "जाळ्या पुढच्या वेळी सुलट्या बांध."

परतीच्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, काचो-सान माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी जेवणाचा डबा उघडला, काड्या नीट विलग केल्या, लोणच्याचा एक तुकडा खाल्ला. बाहेर ताशी हजार किलोमीटर वेगाने... बरं, तीनशेहून कमीच वेगाने खाचरं मागे जात होती. नांगरून ठेवलेली, कोरडी, पाण्याची वाट पाहणारी.

"तुमचा करार जूनअखेर संपतो," ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "लक्षात आहे ना?"

"आहे, काचो-सान. लावणीही जूनमध्येच संपते. तोवर पाणी पुरलं म्हणजे झालं."

करार संपला. पाणी पुरलं.